अपरिवर्तनीयतेचा भरवसा

प्रस्तावना

जावा शिकायला बसलेला माणूस पहिल्या काही मिनिटांतच ‘सिस्टीम.आउट’ हे नाव टाइप करतो. पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटते ते त्याच्याच मार्फत. या फील्डच्या घोषणेत ‘स्टॅटिक’ आणि ‘फायनल’ असे दोन्ही शब्द आहेत. फायनल म्हणजे एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलायची नाही. विद्यार्थ्याने तिथे दुसरे काही ठेवायचा प्रयत्न केला तर कंपायलर त्याचा प्रोग्राम घेतच नाही. आणि तरीही त्याच सिस्टीम क्लासमध्ये ‘सेट-आउट’ नावाची मेथड उघड्यावर ठेवलेली आहे. तिचे काम एकच, ते फायनल फील्ड बदलणे. ती आतून नेटिव्ह कोडला हाक मारते, आणि त्या कोडला जावाचे नियम लागू नाहीत. भाषेच्या अधिकृत स्पेसिफिकेशनने ही विसंगती लपवलेली नाही. 17.5.4 क्रमांकाचे एक छोटे कलम खास तिच्यासाठी आहे. इन, आउट आणि एर ही तीन फील्ड फायनल असली तरी जुन्या कारणांसाठी ती बदलता आली पाहिजेत, म्हणून त्यांची वेगळी जात मानावी, असे ते कलम सांगते.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने आधी हे कलम वाचावे असे मला वाटते. ‘बदलता येत नाही’ असे भाषा म्हणते तेव्हा नेमके कोण, कोणाला, कशाच्या जोरावर म्हणते आहे, हा आपल्या अभ्यासाचा प्रश्न आहे आणि त्या चार ओळींत तो पूर्ण मांडलेला आहे. नियम करणाऱ्यानेच स्वतःसाठी तीन अपवाद ठेवले आणि ते लिहून ठेवले. बहुतेक भाषांनी अपवाद ठेवले, पण लिहून ठेवले नाहीत.

या विषयाची बाजारातली ओळख फारशी चांगली नाही. प्रायव्हेट फील्डमध्ये हात घालणे, रीड-ओन्ली प्रॉपर्टी ‘तोडणे’, गोठवलेला ऑब्जेक्ट वितळवणे या गोष्टी एक तर पोरकट करामती समजल्या जातात, नाहीतर हल्लेखोरांची हत्यारे. दोन्हींत तथ्य आहे. पण रोजच्या कामात फायनल फील्डवर सर्वांत जास्त लिहिणारी माणसे वेगळीच असतात : डेटाबेसमधून ऑब्जेक्ट उभे करणाऱ्या फ्रेमवर्कचे लेखक, जेसॉन वाचणाऱ्या लायब्रऱ्यांचे लेखक, चाचणीसाठी खोटे घटक बसवणारे टेस्टर, डीबगर लिहिणारे. मुंबईतल्या एखाद्या बँकेच्या किंवा पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या जुन्या जावा प्रणालीत काम केलेल्या कोणालाही विचारा. त्याने स्वतः कधी नियम मोडला नसेल, पण त्याने वापरलेल्या लायब्ररीने त्याच्या नकळत तो असंख्य वेळा मोडलेला असतो. म्हणून या अभ्यासाला मी यंत्रणेच्या आतल्या व्यवहाराचा अभ्यास म्हणतो.

आता मूळ मुद्दा. मेमरीच्या चिपला ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द माहीत नाही. तिच्या प्रत्येक कप्प्यावर लिहिता येते, किंबहुना ती तेवढ्यासाठीच असते. अपरिवर्तनीयता ही त्या कप्प्याबद्दल कोणीतरी दिलेली हमी असते. कधी कंपायलर देतो, कधी रनटाइम, कधी ऑपरेटिंग सिस्टीम, कधी प्रोसेसर, तर कधी केवळ सहकाऱ्यांमधला संकेत. हमी म्हटली की तिच्यावर विसंबणारेही आले. कंपायलर विसंबून गणित आधीच करून टाकतो, दुसरा थ्रेड विसंबून कुलूप न लावता वाचतो, सुरक्षा तपासणारा कोड विसंबून एकदाच तपासतो. प्रॉपर्टी बदलण्यात यश आले की नाही, हा प्रश्न म्हणून अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की तिच्यावर विसंबलेल्यांपैकी कोणाकोणाला तो बदल कळला. या क्षेत्रातली बहुतेक कोडी या दुसऱ्या अर्ध्यातून निर्माण होतात, आणि पुढची सगळी प्रकरणे मी त्याच दृष्टीने वाचायला सुचवीन.

इतिहास थोडक्यात. जुन्या फोर्ट्रानमध्ये सबरूटीनला मूल्य पाठवताना त्याचा पत्ता पाठवला जाई. कोणी 4 हा आकडाच पाठवला आणि सबरूटीनने त्या पत्त्यावर 5 लिहिले, तर काही कंपायलरांवर त्यापुढे प्रोग्राममध्ये जिथे जिथे 4 लिहिले असेल तिथे 5 वापरला जाई. कोणी काही मोडायला निघालेले नव्हते. आकडा हा आकडाच राहील अशी हमी द्यायची असते, हेच तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते. 1967 साली कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी प्रोग्रामिंग भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली आणि ‘जागा’ व ‘जागेतले मूल्य’ यांतला भेद नीट मांडला. त्यानंतर या गोष्टींबद्दल काटेकोर बोलता येऊ लागले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सी भाषेसाठी ‘रीड-ओन्ली’ आणि ‘राइट-ओन्ली’ अशी जोडी सुचवली होती. त्यातली पहिली कल्पना ‘कॉन्स्ट’ या नावाने टिकली; दुसरी मागे पडली.

कॉन्स्टपाशी थोडे थांबू, कारण विसंबणाऱ्याचा प्रश्न इथे उघड्या डोळ्यांना दिसतो. सी++ मध्ये एखाद्या फंक्शनच्या आत कॉन्स्ट पूर्णांक घ्या, त्याला 10 ही किंमत द्या. त्याचा पत्ता घेऊन त्यावरचे कॉन्स्टपण कास्टने काढा आणि त्या पत्त्यावर 20 लिहा. आता नावाने छापा आणि पत्त्यामार्गे छापा. बहुतेक कंपायलरांवर नावाने 10 येतात, पत्त्यामार्गे 20 येतात, आणि दोन्हींचे पत्ते छापले तर ते एकच निघतात. एका जागेवर दोन आकडे! विद्यार्थी हे पाहून कंपायलर बिघडला म्हणतात. कंपायलरने मात्र प्रामाणिकपणे वागून, तुम्ही दिलेल्या शब्दावर विसंबून, त्या नावाच्या जागी आधीच 10 लिहून ठेवलेले असतात. मेमरीत तो परत पाहायला जात नाही. प्रमाणग्रंथाच्या भाषेत मुळातच कॉन्स्ट म्हणून जन्मलेल्या वस्तूवर लिहिणे हे ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ आहे. म्हणजे पुढे काय होईल याची जबाबदारी भाषा घेत नाही. तोच पूर्णांक फंक्शनच्या बाहेर, ग्लोबल म्हणून घेतला तर अनेकदा तो केवळ वाचण्यासाठी राखलेल्या पानावर जातो आणि लिहायला गेलेला प्रोग्राम तिथेच कोसळतो. पहिल्या प्रयोगात हमी कंपायलरची होती, दुसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टीमची. शब्द दोन्हीकडे तोच.

सीने जे वाऱ्यावर सोडले ते जावाने कागदावर आणायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि या क्षेत्रातला सर्वांत बोधक मजकूर त्यात आहे, म्हणून या प्रस्तावनेतही जावाला वाजवीपेक्षा जास्त जागा देतो.

पहिला धक्का असा होता की जावाच्या सुरुवातीच्या मेमरी मॉडेलमध्ये फायनल फील्ड कोणी न मोडताही बदललेले दिसू शकत असे. स्ट्रिंग ही जावातली सर्वांत विश्वासाची अपरिवर्तनीय वस्तू. तिच्या त्या काळच्या रचनेत तीन फायनल फील्ड होती : अक्षरांचा अॅरे, सुरुवात कुठून, आणि लांबी किती. ‘/यूएसआर/टीएमपी’ या मार्गातून शेवटचा ‘/टीएमपी’ तुकडा काढला की नवी स्ट्रिंग जुनाच अॅरे वापरी, फक्त सुरुवात चौथ्या स्थानापासून धरी. दुसऱ्या थ्रेडने योग्य समन्वयाशिवाय ही नवी स्ट्रिंग वाचली, तर त्याला ‘सुरुवात’ या फील्डची मूळ किंमत, शून्य, दिसण्याची मुभा जुन्या मॉडेलमध्ये होती. मग तो थ्रेड क्षणभर ‘/यूएसआर’ वाची आणि जरा वेळाने तीच स्ट्रिंग त्याला ‘/टीएमपी’ दिसे. ज्या फाइलमार्गाला परवानगी तपासली तो आणि जो उघडला तो वेगळा निघण्याची शक्यता यात होती. मेरीलँड विद्यापीठातले विल्यम प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोष दाखवले, त्यातून जेएसआर 133 हा प्रस्ताव आला आणि 2004 च्या जावा 5 बरोबर फायनल फील्डना नवा, भक्कम अर्थ मिळाला : कन्स्ट्रक्टर नीट संपला असेल आणि त्याआधी ऑब्जेक्टचा पत्ता बाहेर गेला नसेल, तर कोणत्याही थ्रेडला फायनल फील्डची योग्य किंमतच दिसेल.

गंमत म्हणजे त्याच जावा 5 ने दुसऱ्या बाजूने एक वाटही मोकळी केली. रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामने क्लासांची आतली रचना पाहण्या-हाताळण्याच्या सोयीत, ‘सेट-अॅक्सेसिबल’ म्हटले की ऑब्जेक्टच्या फायनल फील्डवर लिहिता येऊ लागले. हे विसराळूपणाने झालेले नाही. डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून आलेल्या बाइट्समधून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करायचा तर त्याची फील्ड भरावी लागतात, आणि सीरियलायझेशनच्या लायब्रऱ्या कन्स्ट्रक्टरच्या वाटेने जात नाहीत. जावाची स्वतःची यंत्रणा आतल्या सवलतीने हे करत होती. बाहेरच्या लायब्रऱ्यांनाही ते करता यावे म्हणून ही सोय. स्पेसिफिकेशनने सोबत सल्ला दिला की ऑब्जेक्ट बांधून झाल्या झाल्या, इतरांच्या हाती जाण्यापूर्वीच असे लेखन करावे, तेवढाच वापर अर्थपूर्ण आहे. सल्ला तिथेच राहिला आणि सोय सर्वत्र पसरली.

त्यानंतरचा काळ करामतींचा. स्टॅटिक फायनल फील्ड रिफ्लेक्शनने बदलता येत नाही, असा नियम होता. मग लोकांनी रिफ्लेक्शनच्याच ‘फील्ड’ क्लासमधल्या ‘मॉडिफायर्स’ या खाजगी फील्डवर रिफ्लेक्शन चालवले, त्यातला ‘फायनल’ दर्शवणारा बिट पुसला आणि मग हवे ते लिहिले. नियम तपासणाऱ्याच्या वहीतच खाडाखोड! लहान पूर्णांकांसाठी जावा उणे 128 ते 127 पर्यंतचे तयार ऑब्जेक्ट साठवून ठेवते. त्या साठ्यात हात घालून दोन अधिक दोन पाच दाखवणारे प्रोग्राम अनेकांनी लिहिले. फोर्ट्रानचा जुना 4 आणि 5 पुन्हा एकदा, या वेळी जाणूनबुजून. स्ट्रिंगच्या आतला अॅरे बदलला तर प्रोग्राममध्ये इतरत्र, अगदी वेगळ्या क्लासमध्ये लिहिलेली तीच अक्षरेही बदललेली दिसत, कारण एकसारख्या लिखित स्ट्रिंगांसाठी जावा एकच ऑब्जेक्ट वापरते.

या करामतींत एक प्रयोग मात्र फसतो, आणि फसण्यातच त्याचे मोल आहे. फायनल पूर्णांकाला घोषणेतच 5 दिले असतील तर रिफ्लेक्शनने 7 लिहिता येतात, तक्रार येत नाही. पण त्या क्लासची मेथड 5 च परत करते. कंपाइल करतानाच तिथे 5 हा आकडा बसवलेला असतो. सी++ मधली दोन आकड्यांची जागा इथे निराळ्या वेषात परत भेटते. लेखन यशस्वी झाले, आणि विसंबणाऱ्याला ते कळलेच नाही.

सगळ्यांनाच याची किंमत मोजावी लागते, हे माझ्या मते या कथेतले सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. हॉटस्पॉट हे जावाचे यंत्र स्टॅटिक फायनल फील्डला स्थिरांक मानून वेगवान कोड तयार करते. साध्या, ऑब्जेक्टमधल्या फायनल फील्डवर मात्र ते सर्वसाधारणपणे असा भरवसा ठेवत नाही, कारण कोणती तरी लायब्ररी उद्या रिफ्लेक्शनने तिथे लिहील. हजारात एखाद्या क्लासवर वापरली जाणारी सोय उरलेल्या सगळ्या क्लासांचा वेग अडवून धरते. हे लक्षात आल्यावर जावाने हळूहळू माघार सुरू केली. 2017 च्या जेडीके 9 मध्ये मॉड्यूल आले, जेडीके 12 मध्ये मॉडिफायर्सची युक्ती बंद झाली, हिडन क्लास आणि रेकॉर्ड या नव्या प्रकारांची फायनल फील्ड पहिल्या दिवसापासून रिफ्लेक्शनला बंद ठेवली गेली, 2021 च्या जेडीके 17 मध्ये जावाच्या स्वतःच्या अंतर्भागाला कडक कुंपण बसले. ‘अनसेफ’ या बदनाम पण सर्वत्र वापरल्या गेलेल्या क्लासच्या मेमरीत लिहिणाऱ्या मेथड जेडीके 23 मध्ये ‘काढून टाकल्या जातील’ या यादीत गेल्या. आणि जेईपी 500 या प्रस्तावाने उरलेल्या फायनल फील्डवर रिफ्लेक्शनने लिहिले की आधी इशारा द्यायचा, पुढे कधीतरी नकार, आणि ज्याला खरेच गरज आहे त्याने प्रोग्राम सुरू करताना तसे स्पष्ट सांगायचे, अशी दिशा ठरवली. एवढी मोठी भाषा दिलेली सोय परत घेताना इतकी जपून पावले टाकते आहे, हे पाहण्यासारखे आहे. सवय लागल्यावर ती मोडायला वीस वर्षे लागतात.

पायथॉनची वृत्ती उलट आहे. तिथे स्थिरांक ही चीज भाषेत नाहीच. नाव मोठ्या लिपीत लिहिले की समजून घ्यायचे. 2019 च्या 3.8 आवृत्तीत आलेली ‘फायनल’ ही टीप फक्त टाइप तपासणाऱ्या साधनासाठी आहे, प्रोग्राम चालताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. ‘फ्रोझन’ डेटाक्लास थोडा कडक : त्याच्या गुणधर्माला नवी किंमत द्यायला गेले की चूक येते. पण ‘ऑब्जेक्ट’ या मूळ क्लासची ‘सेट-अॅट्र’ मेथड थेट बोलावली की लिहिता येते. आणि पायथॉनने आपणहून तयार केलेला फ्रोझन क्लासचा इनिशियलायझर याच आडवाटेने किमती भरतो. दुसरा इलाज नाही, कारण गोठवलेल्या वस्तूलाही जन्मताना भरावे लागते. यामुळे थोडा वेग जातो, असे पायथॉनची कागदपत्रे सरळ सांगतात. ज्या समाजात सगळे जाणते आहेत असे गृहीत धरले आहे, तिथला हा संकेत आहे. मला त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. हमी कमजोर आहे आणि ती कमजोर असल्याचे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा कोणी तिच्यावर इमारत बांधत नाही.

जन्माचा हा प्रश्न पीएचपीतही आला. 2021 च्या 8.1 आवृत्तीत ‘रीड-ओन्ली’ प्रॉपर्टी आली, आणि ती चांगलीच पक्की होती. एकदा भरली की रिफ्लेक्शनलाही जुमानत नाही. पण मग एका फील्डचा फरक असलेली प्रत कशी काढायची? क्लोन केल्यावर प्रतीतही ती प्रॉपर्टी आधीच भरलेली. लोकांनी कन्स्ट्रक्टर वगळून रिकामा ऑब्जेक्ट उभा करायचा आणि एकेक फील्ड नव्याने भरायचे, अशा वळणाच्या वाटा काढल्या. शेवटी 8.3 ने क्लोन होत असताना पुन्हा भरण्याची अधिकृत परवानगी दिली. नियम मोडणाऱ्यांनी इथे भाषेची उणीवच दाखवून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

जावास्क्रिप्टबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सैल भाषा म्हणून तिची ख्याती, पण तिच्या 2009 च्या ईएस 5 या आवृत्तीतले ‘ऑब्जेक्ट.फ्रीझ’ इथे आलेल्या अनेक हम्यांपेक्षा कडक आहे. गोठवलेला ऑब्जेक्ट वितळवण्याचा मार्ग भाषेत नाही, आणि नंतर आलेल्या प्रॉक्सीलाही गोठवलेल्या प्रॉपर्टीबद्दल खोटे बोलू दिले जात नाही. उणिवा दुसरीकडे आहेत. गोठणे वरवरचे असते, आतले ऑब्जेक्ट मोकळेच राहतात. ‘मॅप’ गोठवला तरी त्यात नोंदी भरता येतात, कारण त्या नोंदी प्रॉपर्टी नसतात. आणि स्ट्रिक्ट मोड नसेल तर गोठवलेल्या प्रॉपर्टीवरचे लेखन मुकाट्याने गिळले जाते, चूकही येत नाही आणि बदलही होत नाही. या सर्व भाषांतल्या सर्व निर्णयांत मला हा सर्वांत वाईट वाटतो.

रस्ट आणि हॅस्केल हे दोन भाऊ वेगळ्या घरातले. रस्टमध्ये सामायिक संदर्भातून लिहिता येत नाही, हा नियम भाषेचा कणा आहे. तरी कॅशे, संदर्भमोजणी, म्युटेक्स यांना आतून बदलावेच लागते. त्यासाठी ‘अनसेफ-सेल’ हा एकच प्रकार नेमून दिला आहे. त्यात ठेवलेल्या मूल्यावर कंपायलर अपरिवर्तनीयतेचा भरवसा ठेवत नाही. त्याशिवाय इतर कोणत्याही मार्गाने सामायिक संदर्भातून लिहिणे हे अनडिफाइन्ड. म्हणजे मोडणाऱ्याने आधी विसंबणाऱ्याला कळवायचे, तेही टाइपच्याच भाषेत. 2018 साली राल्फ युंग आणि सहकाऱ्यांनी ‘रस्टबेल्ट’ या कामात, अशा आतून बदलणाऱ्या लायब्रऱ्या बाहेरच्या सुरक्षित कोडचे नियम मोडत नाहीत, याची यंत्राने तपासलेली सिद्धता दिली. हॅस्केलमध्ये लॉंचबरी आणि पेटन जोन्स यांनी 1994 मध्येच दाखवले होते, की गणनेच्या आत मनसोक्त बदल करावेत आणि त्यातला एकही बाहेर पडू नये याची खात्री टाइपनेच करून घ्यावी. ज्यांना या क्षेत्रात संशोधन करायचे आहे त्यांनी आपला बहुतेक वेळ इथे घालवावा. करामती मोजता येतात, पण ‘ही करामत कोणालाही बाधणार नाही’ हे सिद्ध करणे हे खरे शास्त्र.

भाषेच्या खाली उतरले की वर दिलेल्या सगळ्या हम्या कोणाच्या खांद्यावर उभ्या आहेत ते दिसते. लिनक्समध्ये केवळ वाचण्यासाठी जोडलेल्या फाइलवर सामान्य वापरकर्त्याला लिहू देणारा ‘डर्टी काऊ’ हा दोष 2016 मध्ये उघड झाला. तो निदान 2007 पासूनच्या कर्नलमध्ये होता. प्रत काढून मग लिहायचे, या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड घुसवला की लेखन मूळ पानावरच होत असे. दुरुस्ती करताना लिनस टोरवाल्ड्स यांनी नोंदवले की हा दोष त्यांनी अकरा वर्षांपूर्वी सुधारायचा प्रयत्न केला होता, पण ती सुधारणा टिकली नव्हती. त्याहून खाली गेलो की 2014 चा ‘रो-हॅमर’. कार्नेगी मेलन आणि इंटेलच्या संशोधकांनी दाखवले, की डीरॅमच्या एका ओळीवर पुन्हा पुन्हा वाचन केले तर शेजारच्या ओळीतले बिट आपोआप उलटतात. त्यांनी तपासलेल्या 129 मॉड्यूलांपैकी 110 मध्ये हे घडले. इथे लेखन झालेलेच नाही. परवानगी मागितली नाही, नाकारली गेली नाही, आणि तरीही मूल्य बदलले. पुढच्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने याच उलटणाऱ्या बिटांनी पेज टेबल, म्हणजे कोणते पान कोणाला लिहिता येईल याची नोंदवहीच, बदलून दाखवली.

या सगळ्यापासून दूर राहणारी एक परंपराही आहे आणि तिला या विषयात मानाचे स्थान द्यावे लागेल. जमिनीचे दप्तर पाहा : गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नवी नोंद होते, सातबाऱ्यावरची जुनी नोंद कंसात जाते, पण ती वाचता येते आणि कोणत्या फेरफाराने कंस पडला तेही कळते. ड्रिस्कॉल, सारनाक, स्लीटर आणि टारजन यांनी 1980 च्या दशकात ‘पर्सिस्टंट’ डेटा रचनांवर केलेले काम साधारण याच जातीचे आहे : जुनी आवृत्ती शाबूत ठेवून नवी काढायची, आणि दोघींत जे समान ते एकदाच साठवायचे. ख्रिस ओकासाकी यांच्या 1998 च्या पुस्तकाने हा विचार फंक्शनल प्रोग्रामरांच्या घरोघरी नेला. फिल बॅगवेल यांच्या हॅश वृक्षांवर रिच हिकी यांनी 2007 मध्ये क्लोजर ही भाषा उभी केली. इथे बदलासाठी नियम मोडावा लागत नाही, म्हणून मोडण्याची हौसही कमी. तरी क्लोजरलाही मोठी रचना पहिल्यांदा बांधताना वेग हवा असतो, आणि त्यासाठी ‘ट्रान्झियंट’ नावाची तात्पुरती सूट आहे. ती संपली की वस्तू पुन्हा अपरिवर्तनीय. इथेही सूट मिळते ती जन्माच्याच वेळी.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. गणिताची भीती असलेल्यांनी मागे राहू नये; निम्मा विषय प्रयोगाने कळतो आणि त्याला साधा लॅपटॉप पुरतो. सी++ मधला दोन आकड्यांचा प्रयोग ऑप्टिमायझेशन बंद करून आणि चालू करून, दोन्ही प्रकारे करा. पायथॉनमध्ये टपलच्या आत यादी ठेवा आणि त्या यादीवर ‘अधिक-बरोबर’ चालवा; चूक येते आणि तरीही यादी वाढलेली असते. का, ते स्वतः शोधा. प्रत्येक प्रयोगानंतर दोन उत्तरे वहीत लिहा : हमी कोणी दिली होती, आणि बदल कोणाला कळला नाही. नोकरीच्या ठिकाणी मात्र यातली एकही युक्ती दुसऱ्याच्या लायब्ररीवर चालवू नका. तिथे विसंबणारे कोण आहेत हे तुम्हाला माहीत नसते, आणि तिच्या लेखकांकडे हवी ती मेथड जोडण्याची विनंती करायला लागणारा वेळ पुढे बग शोधण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा नेहमीच कमी असतो.

शिक्षकांना एक विनंती. ‘फायनल म्हणजे बदलत नाही’ एवढे वाक्य फळ्यावर लिहून पुढे जाऊ नका; 17.5.4 हे कलम वर्गात वाचून दाखवा. आणि वाचकांना एक सूचना. या विषयावरची कोणतीही युक्ती वाचताना आधी ती कोणत्या आवृत्तीवर चालवलेली आहे ते पाहा. सर्वांत जास्त नक्कल झालेली मॉडिफायर्सची युक्ती अजूनही जुन्या लेखांत दिमाखात उभी आहे, पण जेडीके 12 पासून ती चालत नाही.